आत्याचा नवरा आणि लॉजिकलचे तीस मार्क

आमच्या मुलीच्या आत्याचा नवरा म्हणजे माझा सख्खा भाऊ. यात काही विशेष आहे असं मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत कधी वाटलं नव्हतं. आमच्याकडे याला साटंलोटं म्हणतात. रेणापूरजवळच्या खेड्यातून मी नांदेडला सून म्हणून आले आणि त्याच दिवशी, त्याच मांडवात माझ्या नवऱ्याची बहीण माझ्या भावाची बायको झाली. दोन लग्नं, एक जेवणावळ, एकच बँडवाला. तेव्हापासून ती माझी नणंदही आहे आणि भावजयही. तिचा फोन आला की पहिल्या वाक्यातच कळतं, आज कोण बोलतंय ते. नणंद असली की आवाज चढा, भावजय असली की मऊ, आणि मागे तुरीच्या डाळीचा विषय.

हे सगळं सांगायचं कारण, या साट्यालोट्यानं मला लॉच्या प्रवेश परीक्षेत पार जेरीला आणलं.

त्याआधी परीक्षा कुठून आली ते सांगते. नांदेडच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये मी आठ वर्षं टायपिंगचं काम केलं. शेजारच्या टेबलावर चाचा बसत. चाचा जुने अर्जनवीस, म्हणजे लोकांचं म्हणणं ऐकून त्यांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं लिहून देणारे. त्यांनी सांगायचं आणि मी टाईप करायचं, असा आमचा संसार होता. रोज वकिलांचे कागद हाताखालून जायचे. त्यातले काही इतके गचाळ असत की मला वाटायचं, यापेक्षा मी बरं लिहीन. बाहेरून परीक्षा देऊन बीए झालेच होते. पण वाटणं आणि करणं यात आपल्याकडे निदान दहा वर्षं जातात.

मग मुलगी दहावीत गेली आणि घरात लातूरचं बोलणं सुरू झालं. अकरावी-बारावीला पोरगी लातूरला जाणार, म्हणजे आईनेही जायचं, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दहा बाय बाराची खोली घ्यायची, कुकर लावायचा, क्लास सुटायच्या वेळेला फाटकाशी डबा घेऊन उभं राहायचं आणि उरलेला दिवस भिंतीकडे बघायचं. माझ्या ओळखीच्या दोघी अशी दोन वर्षं काढून आल्या होत्या. एकीनं तिथं अकरा स्वेटर विणले. लातूरचा उन्हाळा ज्यांना माहीत आहे त्यांना त्या बाईची अवस्था कळेल.

मला स्वेटर विणायचे नव्हते. मी नवऱ्याला म्हटलं, "मी लातूरला जाईन, पण तिथं लॉ करीन."

तो म्हणाला, "लॉ तीन वर्षांचं हाय. पोरगी दोन वर्षांत परत येईल."

"तिसऱ्या वर्षाचं तिसऱ्या वर्षी बघू."

"आणि लातूरात नंबर नाही लागला तर?"

दुसऱ्या गावी नंबर लागून उपयोग नव्हता, पोरीला सोडून मी जाणार कुठे? लातूर मिळालं तर कॉलेज, नाहीतर भिंत. एवढा साधा हिशेब होता.

दिवाळीनंतर पहिली सराव परीक्षा दिली. कायद्याचा भाग बरा गेला, आठ वर्षं कोर्टाच्या दारात बसल्याचा तेवढा फायदा. जनरल नॉलेजही ठीक. लॉजिकलमध्ये, म्हणजे तर्काच्या भागात, तीसपैकी अकरा. दुसऱ्या पेपरला पुन्हा अकरा, तिसऱ्याला नऊ. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तर एवढीच मजल गेली असती. मला फार अपमान वाटला. घरातले, शेजारचे, सगळे मला डोकेबाज समजत. कुणाचं लग्न का मोडलं, कुणाची बदली कुणी केली, हे मी नुसतं ऐकून ओळखते. आणि इथे पुस्तक म्हणत होतं की बाईला निष्कर्ष काढता येत नाही.

एका दुपारी पक्षकार कमी होते म्हणून मी शेडमध्येच पेपर सोडवत बसले. चाचांनी चष्मा वर करून विचारलं, "काय चाललंय?"

मी प्रश्न वाचून दाखवला. सगळे शेतकरी पहाटे उठतात. काही वकील शेतकरी आहेत. निष्कर्ष एक, काही वकील पहाटे उठतात. निष्कर्ष दोन, सगळे वकील पहाटे उठतात. मी खूण केली होती, दोन्ही चूक.

"क्यों?"

"चाचा, तुम्ही एक तरी वकील साडेदहाच्या आत आलेला बघितला का? आणि शेतकऱ्याचं म्हणाल तर माझा भाऊ आठ वाजता उठतो. वहिनी पाणी मारून उठवती त्याला."

चाचा बराच वेळ हसले. मग त्यांनी पानाचा डबा बाजूला सारला आणि पक्षकारासमोर बसतात तसे ताठ बसले. "हा प्रश्न म्हणजे पक्षकार हाय असं समज. आला, आपल्या समोर बसला. काय बोल्ला?"

"सगळे शेतकरी पहाटे उठतात म्हणाला."

"तेरा भाई आठ को उठता, ये उसने बोल्या?"

"न्हाई."

"फिर तू कायको बोलरी?"

हे वाक्य मी आठ वर्षं रोज ऐकत होते. एखादा म्हातारा येऊन सांगायचा की भावानं बांध कोरला, आणि मी आपलं भर घालून टाईप करायची, 'भावाने जाणूनबुजून बांध कोरला.' चाचा कागद वाचताना त्या शब्दावर बोट ठेवायचे. जाणूनबुजून कोण म्हणालं? त्यानं सांगितलं का तू? भावाच्या मनात काय होतं ते भावाला ठाऊक. आपण बांध लिहायचा. जित्ता बोले, उत्ताच लिखना, जेवढं सांगितलं तेवढंच. सुरुवातीला मला याचा राग यायचा, कारण माझा शब्द नेहमी खरा निघायचा. भाऊ जाणूनबुजूनच बांध कोरतात. पण पुढे विरुद्ध बाजूचा वकील नेमका तोच शब्द धरून म्हाताऱ्याला उभा फाडतो, हे दोनदा पाहिल्यावर मी सुधारले. टायपिंगमध्ये सुधारले, असं म्हणायला पाहिजे. परीक्षेला बसल्यावर पुन्हा मूळ स्वभावावर आले होते.

त्या दिवसापासून मी प्रत्येक प्रश्नाचा अर्ज केला. खरोखरचा. वहीत डावीकडे लिहायचं, 'अर्जदाराचे म्हणणे असे की', आणि खाली प्रश्नात दिलेलं तेवढंच. मग प्रत्येक पर्यायाला विचारायचं, हे अर्जदारानं सांगितलं का, किंवा त्यानं सांगितलेल्यातून निघतं का? नसेल तर तो शब्द खोडायचा, मग तो जगात कितीही खरा असो. वेळ फार लागायचा. पहिल्या पेपरला तीसपैकी सतराच प्रश्न झाले, पण त्यातले चौदा बरोबर आले. मी शेडमध्ये सगळ्यांना भजी दिली.

एक पर्याय मात्र माझ्या हातून निवडला जात नव्हता. 'दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही.' मला तो पर्याय पळपुटा वाटायचा. आम्ही असल्या वळणात वाढलेलोच नाही. चाकूरच्या बसस्टँडवर कुणालाही पत्ता विचारा, माहीत नाही असं कुणी म्हणणार नाही. आधी तुमचं गाव विचारेल, मग पाहुणे विचारेल आणि मग आत्मविश्वासानं चुकीच्या दिशेला पाठवेल. समोरच्याला रिकाम्या हातानं पाठवणं आमच्यात बरं दिसत नाही. चाचांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आपल्या धंद्यात त्योच पर्याय लई वेळा बरोबर असतो, बेटा. पण पैसे देऊन तो ऐकायला कुणी येत न्हाई."

जानेवारीत मुलीची पूर्वपरीक्षा झाली आणि गणितात ती घसरली. दुसऱ्याच दिवशी फोन आला, नणंदेच्या आवाजात. "तू अभ्यास करून राहिली, पोरीकडं बघायला कोण हाय घरात? म्हणून मार्क गेले तिचे."

नवऱ्यानंही ते खोडून काढलं नाही. मला ते फार लागलं. आईला दोषी ठरवायला पुरावा लागत नाही, आणि सगळ्यात आधी ती स्वतःच कबुली देते. मी वही आणि पुस्तकं कपाटावर टाकली. आठ दिवस रोज संध्याकाळी पोरीसमोर बसून राहिले. तिनं पेन उचललं की मी बघायची, पेन ठेवलं की बघायची. दूध, बदाम, पुन्हा दूध.

आठव्या दिवशी तिनं पेन आपटलं. "आई, तू पुस्तक का सोडलंस?"

मी आत्याचं म्हणणं सांगितलं.

ती म्हणाली, "असं हाय का? मग तू सोडल्यावर मार्क वाढायला पाहिजेत. काल क्लासमध्ये टेस्ट झाली. आधीपेक्षा तीन कमी पडले."

"का गं?"

"कारण मला भूमितीची प्रमेयं येत न्हाईत. नववीपासून येत न्हाईत. त्यात तुझा काय संबंध? दोन गोष्टी एकाच महिन्यात झाल्या म्हणून एकीमुळं दुसरी झाली का? तुझ्याच पुस्तकात धडा हाय की त्याच्यावर. आणि बदाम बंद कर, पोट बिघडलंय माझं."

स्टुलावर चढून तिनं माझी वही खाली काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मला रडू येत होतं आणि हसूही. प्रमेयांसाठी गल्लीतल्या एका शिक्षिकेकडे तिची शिकवणी लावली, आणि तो प्रश्न तिथे सुटला. नणंदेला मी फोन केला नाही. तिच्याच मऊ आवाजातल्या फोनची वाट पाहिली. चार दिवसांनी आला. डाळ पाठवते म्हणाली.

मार्चमध्ये पोरीची बोर्डाची परीक्षा संपली आणि ती माझी मास्तरीण झाली. तोवर मी तीसपैकी सोळा-सतरापर्यंत आले होते आणि तिथेच रुतले होते. तिनं माझ्या सगळ्या चुका एका कागदावर उतरवून काढल्या. बघते तर निम्म्या चुका नात्यांच्या प्रश्नात.

"आई, हे बघ. मुलीच्या आत्याचा नवरा मुलीच्या आईचा कोण लागतो? तू भाऊ का लिहिलंस?"

"भाऊच लागतो की. तुझा मामा."

"अगं, पुस्तकात नणंदेचा नवरा हाय!"

"मग तोच की. नणंदेचा नवरा आणि माझा भाऊ एकच माणूस हाय. दोन्ही पर्याय बरोबर हायेत, एकच मार्क कसा देतात?"

तिनं कपाळ धरलं. "तुझ्या घरचं नको. पुस्तकातल्या घरचं सांग."

"पुस्तकातल्यांची लग्नं पण कुठंतरी जमवलीच असतील ना कुणी?"

गोल टेबलाभोवती सहा माणसं बसवायच्या प्रश्नातही माझं तेच. त्यात जावई असला की मी त्याला आधी मानाच्या जागी बसवायची आणि मग बाकीच्यांचं बघायची. प्रश्नात लिहिलेलं असायचं की जावई सासूच्या समोर बसला आहे. आमच्याकडे कुठला जावई असा समोर बसतो? मला ते डोळ्यांसमोर आणताच येईना.

शेवटी पोरीनं चाचांच्या पद्धतीवर आपली पद्धत चढवली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नवरा-बायकोला दुहेरी रेघ. आणि मला बजावलं, "ही माणसं आपली न्हाईत. ह्यांना गाव न्हाई, शीव न्हाई, सोयरे न्हाईत. जेवढं कागदावर हाय तेवढंच ह्यांचं आयुष्य."

मला प्रश्नांतल्या त्या क आणि ख यांची खरोखर दया आली. भावकी नाही, सोयरीक जमवायला कुणी मध्यस्थ नाही, नुसते चौकोन. पण दया आल्यावर मी त्यांच्या घरात नाक खुपसणं सोडलं, हेही खरं. अर्जदारानं जेवढी माणसं आणली तेवढीच. एप्रिल संपेपर्यंत मी एकवीसवर आले, एकदा बावीस पडले, एकदा पुन्हा अठरा. पोरगी माझी वही तपासताना हुबेहूब तिच्या शाळेतल्या बाईंसारखी जिभेनं च्यक करायची. मला राग यायचा आणि अभिमानही वाटायचा. अभिमान जास्त.

परीक्षेचं केंद्र मी मुद्दाम लातूर घेतलं, त्याच फेरीत खोलीही बघून घ्यावी म्हणून. हॉलमध्ये माझ्या दोन्ही बाजूंना विशीतली पोरं होती. डावीकडच्यानं मला वाकून विचारलं, "मॅडम, रफ पेपर कुठं मिळेल?" त्याला मी पर्यवेक्षिका वाटले. मी म्हटलं, मलाही तोच पाहिजे.

लॉजिकलच्या भागात एक प्रश्न असा आला की उत्तर मला मनोमन ठाऊक होतं. मालकानं नोकराला काढलं, दुसऱ्या दिवशी गोदामाचं कुलूप तुटलेलं सापडलं. कुलूप कुणी तोडलं? असल्या गोष्टींचे अर्ज मी आठ वर्षांत शंभर टाईप केले असतील, आणि दर वेळी मला माणूस पहिल्या वाक्यातच कळायचा. हात माउसवर होता. नोकर, असा पर्याय अगदी समोर होता. मी मनात अर्ज लिहिला. अर्जदाराचे म्हणणे असे की काढलं, आणि असे की तुटलं. बस. 'सांगता येत नाही'वर क्लिक करताना मला उगीचच कुणाला तरी सोडवून आणल्यासारखं वाटलं.

काही दिवसांनी उत्तरं जाहीर झाली. शेडमध्ये मी एकेक उत्तर वाचायची आणि चाचा जुन्या अर्जाच्या पाठीवर रेघा ओढायचे. लॉजिकलच्या रेघा तेवीस भरल्या. चाचांनी दोनदा मोजल्या, मग खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. "तेईस," ते म्हणाले. "बाकी सात में क्या बोल दिया तूने?"

जूनमध्ये मी टेबल सोडलं. निघताना चाचा एवढंच म्हणाले की नवी टायपिस्ट फार कमी बोलते, करमत नाही.

लातूरची खोली ठरल्याप्रमाणे दहा बाय बाराची निघाली. पोरगी सकाळी सातला क्लासला जायची. मी साडेआठपर्यंत सगळं आवरायची आणि मग ती सुप्रसिद्ध भिंत समोर असायची. शेजारच्या खोलीतल्या बाईनं तिसऱ्या दिवशी विणकामाच्या सुया दाखवल्या. मी घाबरून बाजारात निघून गेले.

लॉच्या प्रवेशाची पहिली यादी लागली, त्यात लातूरच्या कॉलेजात माझं नाव नव्हतं. त्या दिवशी मी त्या भिंतीकडेच बघत बसले. तेवीस आणून काय उपयोग झाला, असं वाटत राहिलं. पोरगी जवळ येऊन बसली, काहीतरी बोलायला गेली, तर मी तिच्यावरच ओरडले. नंतर वाईट वाटलं.

दुसरी यादी पोळ्याच्या आसपास लागणार होती. मी रोज मोबाईलवर बघायची. त्या दिवशी दुपारी एक वाजता क्लासच्या फाटकाबाहेर डबे घेतलेल्या आयांच्या रांगेत उभी होते. सहज उघडलं तर यादी आलेली. वरून वाचत आले. खाली, आणखी खाली, जवळजवळ तळाशी माझं नाव होतं, सर्टिफिकेटावरच्या माहेरच्या आडनावासकट सगळं, आणि पुढे लातूरच्या कॉलेजचं नाव. अकरा मार्कांवर राहिले असते तर त्या पानाच्या आसपासही नसते. रस्त्यात, इतक्या बायांसमोर, मी रडायला लागले. मला आवरेना. बाजूच्या बाईनं माझ्या हातातला डबा धरला.

तेवढ्यात क्लास सुटला. पोरगी बाहेर आली, तिनं माझा चेहरा पाहिला, हातातला मोबाईल पाहिला आणि दप्तरासकट धावत येऊन माझ्या गळ्यात पडली.

"आई, रडू नको. न्हाई लागला तर न्हाई लागला. पुढच्या वर्षी परत देऊ. मी शिकवते की. डबा माझा मी करत जाईन, तू नुसता अभ्यास कर."

जिनं परीक्षेपर्यंत मला दिलेल्या माहितीपलीकडे एक पाऊल टाकू दिलं नव्हतं, ती नुसते डोळे पाहून सगळं ठरवून मोकळी झाली होती. मी तोंड उघडणार होते. पण ती माझ्या पाठीवरून हात फिरवत हळू आवाजात म्हणाली, "तू लई हुशार हायेस, आई. खरंच. मला पहिल्यापासून माहीत हाय."

लग्नाला सतरा वर्षं झाली होती, आणि हे मला कुणी म्हटलेलं आठवत नव्हतं. मी तिच्या खांद्यावर डोकं तसंच ठेवलं. यादी तिला आणखी दोन मिनिटांनी दाखवली.